वाटेचा हक्क कीं वाटेचा परवाना?

परदेशगमन ही एके काळीं प्रायश्चित्ताची बाब होती. आज ती पारपत्राची बाब झाली आहे. आमच्या कोल्हापुरांत मध्यम स्थितीच्या घरांतूनहि एखादें निळें पुस्तक दागिन्यांच्या डब्याशेजारीं जपून ठेवलेलें आढळतें. आणि मुलगा किंवा सून दूरदेशीं असल्यास व्हिसा, मुदत, मुलाखत हे शब्द घरांतील वडीलधाऱ्या बायकांच्याहि तोंडीं रुळलेले असतात. प्रवासी कोण आहे हें पटविण्यासाठीं हे कागद असतात, अशी सामान्य समजूत आहे. ती खोटी नाहीं, पण अपुरी आहे. परवान्याचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, प्रवाशाची ओळख पटविणें हें त्याचें धाकटें काम. वाट कोणाची हें ठरविणें हें थोरलें. जो परवाना देतो तो वाटेचा धनी, आणि जो हात पुढें करून तो घेतो तो त्या धनीपणाचा साक्षीदार, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच परवाना घ्यावा कीं न घ्यावा या प्रश्नावरून आजवर लढाया झाल्या, सत्याग्रह झाले, आणि एक वाद तर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. त्या न्यायालयांत पेशव्यांच्या एका तहाचा आणि दोन सनदांचा कीस काढला गेला, ही गोष्ट महाराष्ट्रांत जितकी माहीत असावी तितकी नाहीं. तिची हकीकत वाचकांपुढें मांडावी एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम जुन्या काळाकडे वळूं. दस्तक, कौल, राहदारी, परवाना हे शब्द आमच्या जुन्या कागदपत्रांत पदोपदीं आढळतात. माल किंवा माणूस एका अंमलांतून दुसऱ्या अंमलांत जावयाचा तर नाक्यावर दाखविण्यास कांहीं लेख जवळ असावा, ही रीत मुसलमानी राज्यांतून मराठी राज्यांत आली आणि येथेंच मुरली. कोल्हापूरच्या गादीशीं ज्याचा संबंध आहे असें आज्ञापत्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नांवें प्रसिद्ध असलेला हा राजनीतीचा ग्रंथ १७१५ च्या सुमारास, पन्हाळ्याच्या शंभु छत्रपतींच्या कारकीर्दींत सिद्ध झाला. त्यांतील आरमाराच्या प्रकरणांत कौल घेतलेल्या व्यापाऱ्यांच्या जहाजांस उपसर्ग करूं नये असा दंडक सांगितला आहे. आणि टोपीकरांविषयीं लिहितांना मात्र या लोकांस समुद्रकांठीं ठाणीं देऊं नयेत असें बजावलें आहे. वाटेची मोकळीक आणि भूमीचें स्वामित्व या दोन वस्तु निराळ्या, पहिली देतांना दुसरी हातची जाणार नाहीं हें पाहावें, हें मर्म अमात्यांस पुरतें कळलें होतें. पुढील सगळी हकीकत याच मर्माभोंवतीं फिरते.

समुद्रावर ही कुरापत प्रथम पोर्तुगीजांनीं काढली. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांनीं असा नियम केला कीं, या सागरांत फिरणाऱ्या प्रत्येक जहाजानें त्यांचा 'कार्ताझ' घेतला पाहिजे. न घेईल तें लुटीस पात्र. मक्केस जाणाऱ्या मोंगल यात्रेकरूंच्या जहाजांसहि हा कागद घ्यावा लागे. त्यावर मेरी व येशू यांच्या प्रतिमा असत. तेव्हां असा कागद जवळ बाळगून हज करणें धर्मास संमत आहे काय, अशी शंका अकबराच्या दरबारच्या मौलवींनीं काढली होती. एवढें करूनहि कागद तारीच असें नाहीं. १६१३ सालीं जहांगीर बादशहाच्या मातेचें 'रहीमी' नांवाचें जहाज कार्ताझ जवळ असतांहि पोर्तुगीजांनीं धरलें, आणि त्यावरून बादशहानें त्यांच्याशीं युद्ध मांडलें. परवाना देणाऱ्याची लहर फिरली म्हणजे परवान्याची किंमत काय उरते, याचा हा चांगला दाखला आहे.

पुढें शतकभरानें कान्होजी आंगऱ्यांनीं तीच विद्या परदेशीयांवर उलटविली. कोंकणकिनाऱ्याचे धनी आम्ही, तेव्हां या किनाऱ्यानें जाणाऱ्यांनीं आमचें दस्तक घेतलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह. इंग्रजांचें म्हणणें असें कीं, आमच्या गलबतांसच काय, आमच्या निशाणाखालीं व्यापार करणाऱ्या देशी सावकारांच्या गलबतांसहि तुमच्या दस्तकाची गरज नाहीं. दस्तकाची फी कांहीं फार मोठी नव्हती. मुंबईच्या कोठीवाल्यांस ती भरून सुखानें व्यापार करतां आला असता. परंतु एकदां दस्तक घेतलें कीं समुद्र आंगऱ्यांचा हें कबूल केल्यासारखें होतें, हें इंग्रजांनीं ओळखलें होतें आणि कान्होजींनींहि ओळखलें होतें. इंग्रज बखरकारांनीं त्यांस चांचे ठरविलें; पण पोर्तुगीज जें दोन शतकें करीत आले त्याहून निराळें कान्होजी कांहीं मागत नव्हते.

जमिनीवरच्या प्रवासाची गोष्ट एकोणिसाव्या शतकांत बरीच सैल झाली. १८७० सालीं कोल्हापूरचे तरुण छत्रपति राजाराम महाराज युरोपच्या प्रवासास गेले. त्या वेळीं युरोपांतील बहुतेक देशांनीं पारपत्राची सक्ती ढिली केली होती. परत येतांना इटलींत फ्लॉरेन्स शहरीं ३० नोव्हेंबर १८७० रोजीं अवघ्या विसाव्या वर्षीं महाराजांचा अंत झाला. जिवंतपणीं ज्या मुलखांतून ते सुखानें फिरले, त्याच मुलखांत मृत्यूनंतर हिंदु रीतीनें दहन करण्यास मात्र नगराच्या अधिकाऱ्यांची खास परवानगी मिळवावी लागली; ती मिळाली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचा देह अग्नीस अर्पण झाला. तेथें उभारलेली छत्री आजहि फ्लॉरेन्सच्या लोकांस परिचित आहे.

पहिल्या महायुद्धानें ही सैल गांठ पुन्हा आवळली. हेरांच्या भीतीनें घातलेले निर्बंध युद्ध संपल्यावर उठले नाहींत. हिंदुस्थानांत १९२० च्या पारपत्र कायद्यानें ते कायमचे झाले. या कायद्याच्या जाळ्यांत संस्थानी प्रजेची स्थिति मोठी चमत्कारिक होती. कोल्हापूरचा रहिवासी छत्रपतींची प्रजा. कायद्याच्या भाषेंत तो ब्रिटिश प्रजा नव्हे, तर ब्रिटिश संरक्षणाखालील इसम. राजा स्वतःचा, पण परदेशीं जाण्याचा कागद दुसऱ्याचा. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर मुंबई राज्यांत विलीन झालें आणि पुढल्या वर्षीं घटना अमलांत आली, तेव्हां कोठें हा दुपेडीपणा संपला.

आतां मुख्य विषयाकडे येऊं. दमण बंदर पोर्तुगीजांचें. तेथून पूर्वेस, वापी स्टेशनच्या पलीकडे, दादरा व नगरहवेली हे दोन तुकडे. मिळून बहात्तर गांवें, वस्ती बहुतांशीं वारली व इतर आदिवासींची. दमण आणि दादरा यांच्यामध्यें, तसेंच दादरा आणि नगरहवेली यांच्यामध्यें, दुसऱ्याचा मुलूख पसरलेला. समुद्राचा स्पर्श नाहीं, आणि आपल्याच एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जावयाचें तर परक्या भूमीवर पाऊल टाकल्यावांचून गत्यंतर नाहीं. असे हे तुकडे पोर्तुगीजांकडे आले कसे?

आले ते पुण्याहून. १७७९ सालीं पेशवे व पोर्तुगीज यांच्यांत तह झाला. पेशवे सवाई माधवराव त्या वेळीं पांच वर्षांचे. कारभार नाना फडणिसांचा. इंग्रजांशीं युद्ध चालू असल्यामुळें पोर्तुगीजांस त्यांच्यापासून दूर ठेवणें पुणें दरबारास सोयीचें होतें. दमणच्या बाजूस वर्षास बारा हजार रुपये उत्पन्नाचीं गांवें पोर्तुगीजांस लावून द्यावीं असें तहांत ठरलें, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनीं तीं गांवें नेमून दिलीं. या लेखांत शब्द आहेत ते जहागीर-सरंजामाच्या जातीचे. सरंजाम म्हणजे काय हें मराठी वाचकांस सांगावयास नको. धन्यानें सेवकास किंवा स्नेह्यास गांवचा वसूल लावून द्यावा, त्यानें तो खावा; पण गांवाचें मूळ स्वामित्व धन्याचें, आणि मर्जी फिरल्यास सरंजाम परतहि घेतां यावा.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि भोंवतालचा मुलूख इंग्रजांकडे आला. वास्तविक पेशव्यांच्या हक्कांचे वारस इंग्रज. या गांवांवरील धनीपण त्यांनीं सांगावयास हरकत नव्हती. परंतु तेथें पोर्तुगीज पूर्ण अंमल गाजवीत आहेत असें त्यांस दिसलें, आणि त्यांनीं तो प्रश्न काढलाच नाहीं. न काढलेला प्रश्न हळूहळू निकालांत निघतो, तसें झालें. सरंजाम होता त्याचें राज्य झालें. कोणताहि तह न होतां, कोणाची सही न घेतां, केवळ मागच्या धन्याच्या वारसाच्या मौनानें हा बदल घडला, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकानें ध्यानांत धरण्यासारखी आहे.

वाटेच्या बाबतींत मात्र इंग्रजांनीं एक भेद पाळला. साधी माणसें, मुलकी अधिकारी, धान्य, मालसामान हीं दमणहून दादऱ्यास व तेथून नगरहवेलीस बेलाशक जात-येत. नेहमींच्या जकातीपलीकडे त्यांस कोणी अडवीत नसे. सशस्त्र शिपायांची गोष्ट वेगळी. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानें असें स्पष्ट केलें कीं, एकाच्या सैन्यानें दुसऱ्याच्या हद्दींत शिरावयाचें तर रीतसर मागणी करून संमति मिळविली पाहिजे. सशस्त्र पोलिसांसहि तोच न्याय लागू होता. १९४० सालीं यांत थोडी सूट मिळाली: दमणहून दादऱ्यावरून नगरहवेलीस जाणारी पोलिसांची तुकडी दहा जणांहून मोठी नसेल, तर गेल्यावर चोवीस तासांच्या आंत इंग्रज अधिकाऱ्यांस कळविलें म्हणजे पुरे, मोठी असेल तर आधीं परवानगी. हे बारकावे त्या वेळीं कारकुनी वाटले असतील. वीस वर्षांनीं याच बारकाव्यांवर एका राज्याचा हक्क तोलला जावयाचा होता.

१९४७ सालीं इंग्रज गेले, पोर्तुगीज जाईनात. वाटाघाटी निष्फळ झाल्यावर १९५३ च्या जूनमध्यें भारत सरकारनें लिस्बन येथील आपली वकिलात बंद केली, आणि त्यानंतर मधल्या वाटेवरचे निर्बंध कडक होत गेले. २१ जुलै १९५४ च्या रात्रीं गोमंतकी स्वयंसेवकांनीं दादऱ्याचें ठाणें घेतलें. ऑगस्टच्या २ तारखेस सिल्व्हासा पडलें. या दुसऱ्या मोहिमेंत आझाद गोमंतक दलाबरोबर महाराष्ट्रांतले जे तरुण होते त्यांत बाबासाहेब पुरंदरे होते, आणि कोल्हापुरांत जन्मलेले गायक-संगीतकार सुधीर फडकेहि होते. पोर्तुगीजांनीं दमणहून नगरहवेलीकडे माणसें पाठविण्यास परवानगी मागितली. भारत सरकारनें ती नाकारली. वाट बंद झाली आणि तिच्याबरोबर पावणेदोनशें वर्षांचा अंमलहि संपला.

पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजीं संयुक्त राष्ट्रसंघाचें सभासद झालें. १९ तारखेस त्यानें आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला. आणि २२ तारखेस भारताविरुद्ध दावा दाखल केला. मागणें थोडक्यांत असें: आमच्या मुलखाच्या एका भागाहून दुसऱ्या भागीं जाण्यासाठीं मधल्या भारतीय भूमीवरून जाण्याचा आम्हांस हक्क आहे, तो भारतानें मोडला. भारताची बाजू ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांच्या नेतृत्वाखालीं मांडली गेली, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ति राहिलेले महंमदअली करीम छागला भारताच्या वतीनें या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून पीठावर बसले. भारताचें म्हणणें असें कीं, पेशव्यांनीं दिला तो वसूल, राज्य नव्हे. आणि वाट मिळत होती ती मेहेरबानी, हक्क नव्हे.

निकाल १२ एप्रिल १९६० रोजीं लागला. तहाविषयीं न्यायालयानें भारताचा अर्थ मानला: पेशव्यांच्या लेखांनीं स्वामित्व दिलेलें नाहीं, उत्पन्न दिलेलें आहे. नाना फडणिसांच्या कारकुनानें लिहिलेले शब्द हेगच्या न्यायाधीशांनीं आमच्या इनामदारांप्रमाणेंच वाचले, हें पाहून कोणाहि मराठी माणसास समाधान वाटेल. पण समाधान तेथेंच थांबतें. कारण पुढें न्यायालय म्हणतें कीं, इंग्रजांनीं पोर्तुगीजांचें स्वामित्व वहिवाटीनें मान्य केलें, म्हणून तीं गांवें पोर्तुगीज मुलूखच ठरतात. आणि सवाशें वर्षें खासगी माणसें, मुलकी अधिकारी व माल बिनहरकत जात होता, म्हणून तेवढ्यापुरता पोर्तुगालास १९५४ सालीं वाटेचा हक्क होता. हें अकरा विरुद्ध चार मतांनीं ठरलें. सैन्य, सशस्त्र पोलिस व शस्त्रास्त्रें यांच्या बाबतींत असा हक्क नव्हता, हें आठ विरुद्ध सात मतांनीं. आणि जो हक्क होता तोहि भारताच्या नियमनास अधीन असल्यामुळें, दादऱ्यानंतर उसळलेला क्षोभ ध्यानीं घेतां भारतानें वाट रोखली यांत कर्तव्यभंग झाला नाहीं, हें नऊ विरुद्ध सहा मतांनीं.

या निकालाची खुबी वाचकांनीं नीट पाहावी. शिपायांस हक्क नाहीं, कां? तर त्यांच्यासाठीं नेहमीं परवानगी मागितली जात होती. व्यापाऱ्यास हक्क आहे, कां? तर त्यानें कधीं मागितली नाहीं आणि कोणीं त्यास विचारलें नाहीं. म्हणजे जेथें परवाना मागण्याची रीत राहिली तेथें मालकाची मालकी शाबूत राहिली, आणि जेथें ती सुटली तेथें परक्याचा हक्क उगवला. दहा शिपायांची वर्दी चोवीस तासांत देण्याचा तो कारकुनी नियम भारताच्या कामीं आला. १८१८ च्या इंग्रज अधिकाऱ्यांची उदारता किंवा बेफिकिरी भारताच्या अंगावर आली. आंगऱ्यांचें दस्तक घेण्यास इंग्रज कां तयार नव्हते, याचें उत्तर या निकालांत सांपडतें. मागणें म्हणजे मान्य करणें.

हेंच मर्म १९५५ च्या गोवा सत्याग्रहींनीं कायदेपंडितांच्या साहाय्यावांचून जाणलें होतें. कोल्हापूर आणि गोमंतक यांचा शेजार जुना. केरी गांवच्या केसरबाई केरकर लहानपणीं गाणें शिकण्यासाठीं कोल्हापुरास आल्या तेव्हां त्या परदेशीं चालल्या आहेत असें त्यांच्या घरीं कोणाच्या मनांतहि आलें नसेल. अंबाबाईच्या दर्शनास इकडे येणारे आणि मंगेशी-शांतादुर्गेस तिकडे जाणारे यांच्या दृष्टीनें मधला घाट हा घाटच होता, सरहद्द नव्हती. ती सरहद्द मानण्याचें नाकारण्यासाठीं नानासाहेब गोरे, सेनापति बापट प्रभृति मंडळी १९५५ च्या मे महिन्यांत परवान्यावांचून हद्द ओलांडून गेली. त्यांच्या वांट्यास लाठ्या आणि तुरुंग आले. पुढें १५ ऑगस्ट रोजीं निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या आणि अनेक बळी पडले. पोर्तुगीज व्हिसा मागून गोव्यांत जाणें त्यांतील कित्येकांस सहज शक्य झालें असतें. पण तो मागितला असता तर सत्याग्रह उरला नसता, सहल झाली असती.

हेगच्या निकालानंतर गोष्टी जलद घडल्या. सात वर्षें स्वतःचा कारभार पाहणाऱ्या दादरा-नगरहवेलीस भारतांत विलीन व्हावयाचें तर करारावर सही करणारा कोणी अधिकारी पाहिजे. म्हणून बदलानी नांवाच्या भारतीय सनदी अधिकाऱ्यास एका दिवसापुरतें त्या मुलखाचें मुख्य प्रधानपद देण्यांत आलें, आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजीं त्याच्या सहीनें विलीनीकरण पार पडलें. कागदाचें महत्त्व शेवटपर्यंत सुटलें नाहीं, तें असें. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा, दमण व दीव मुक्त झालीं, आणि १९७४ च्या अखेरीस पोर्तुगालनें तहानें ही वस्तुस्थिति मान्य केली.

येथें हकीकत संपली असती, तर लेख विजयाच्या सुरांत पुरा करतां आला असता. परंतु तिचा एक धागा अद्याप लोंबत आहे. मुक्तीपूर्वीं गोव्यांत जन्मलेल्या लोकांस व त्यांच्या मुला-नातवंडांस पोर्तुगीज नागरिकत्व मागण्याची सवड पोर्तुगालच्या कायद्यानें ठेवली आहे, आणि युरोपांत रोजगार मिळतो म्हणून अनेक गोमंतकीय ती घेतात. आमच्या कायद्यास दोन नागरिकत्वें मंजूर नाहींत; परकें पत्करलें कीं आपलें गेलें. मग एकाच घरांतला एक भाऊ भारतीय आणि दुसरा पोर्तुगीज, असें होतें. दुसऱ्यानें गणेश चतुर्थीस किंवा नाताळास आपल्या घरीं यावयाचें तर भारत सरकारचा व्हिसा किंवा २००५ पासून मिळूं लागलेलें विदेशी नागरिकाचें पत्र त्याच्याजवळ पाहिजे. त्या पत्रावर जन्मभर येतां येतें. मत देतां येत नाहीं, शेतजमीन विकत घेतां येत नाहीं.

या भावास कोणी देशबुडवा म्हणावें असें आम्हांस वाटत नाहीं. पोटासाठीं कागद बदलणारा माणूस स्वामित्वाचा वाद मांडीत नसतो. तशीच नगरहवेलीच्या वारल्याची गोष्ट. सरंजाम कीं राज्य, हक्क कीं मेहेरबानी, यावर पुणें, लिस्बन आणि हेग येथें शब्द झिजले. पण लांकडाची मोळी घेऊन दोन हद्दी ओलांडणाऱ्या त्या माणसास एवढेंच हवें होतें कीं, वाटेंत कोणी अडवूं नये. राज्यांनीं वाटेवर आपली मालकी सांगावी; तो त्यांचा अधिकार आहे, आणि ती न सांगितल्यास काय होतें तें १८१८ नें दाखविलें. मात्र ती सांगतांना शिपाई आणि मोळीवाला यांच्यांत भेद करावा, हा त्या निकालाचा दुसरा अर्धा भागहि तितकाच ग्राह्य आहे. जगभर आज सरहद्दीवरच्या खिडक्यांपुढें ज्या रांगा उभ्या असतात, त्यांत मोळीवालेच पुष्कळ असतात.